फोनचा हिशेब : ७ – पॅकमध्ये न बसणारे क्रमांक

महसुलात वाटणी असलेल्या क्रमांकावर फोन केला की ग्राहकाला नेहमीपेक्षा जास्त दर पडतो. त्यातला काही भाग टेलिफोन कंपनी ठेवते, उरलेला क्रमांकाच्या मालकाला जातो. भविष्य, क्रिकेटचा स्कोअर, वाहिन्यांवरच्या स्पर्धा असा बराच व्यवसाय या वाटणीवर चालला. अशा क्रमांकाचा जाहीर केलेला दर एक असतो आणि खिशातून जाणारी रक्कम वेगळी. या फरकाचे मोठे कारण म्हणजे ग्राहकाने घेतलेला पॅक.

भारतात विशेष क्रमांकांचे तीन प्रकार ओळखायला हवेत. १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा सगळा खर्च मालक उचलतो. १८६० च्या क्रमांकावर खर्च विभागला जातो : फोन करणारा लोकल कॉलचे पैसे देतो, बाकीचे मालक भरतो. यात मालकाला कमाई नसते, त्यामुळे ही महसुलाची वाटणी नव्हे. तिसरा प्रकार प्रीमियम क्रमांकांचा आणि एसएमएसच्या छोट्या कोडांचा. खरी वाटणी इथे होते.

या वाटणीचे गाजलेले उदाहरण २००७ मधल्या ‘कौन बनेगा करोडपती’चे. ‘हर सीट हॉट सीट’ या स्पर्धेत प्रेक्षकाने उत्तर एसएमएसने पाठवायचे आणि दर संदेशाला २ रुपये ४० पैसे मोजायचे, अशी योजना होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढच्या हिशेबात सुमारे ५ कोटी ८० लाख संदेशांचे १३ कोटी ९२ लाख रुपये होत होते. बक्षिसाची रक्कम याच पैशांतून दिली जाते आणि प्रेक्षकाला मात्र स्पर्धा फुकट वाटते, असा आक्षेप होता. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला १ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी तो रद्द ठरवला. एसएमएसचा पॅक घेतलेल्यांनाही अशा कोडांवर सहसा वेगळे पैसे पडतात, कारण पॅकमधले संदेश साध्या क्रमांकांसाठीच धरलेले असतात.

१८६० ची गोष्ट उलट्या दिशेने गेली. एसटीडीचे दर अंतरावर ठरत होते, त्या काळी म्हैसूरहून मुंबईच्या कार्यालयाला फोन करणे महाग होते. तोच फोन १८६० वर लोकल दरात लागे, म्हणजे ग्राहकाचा फायदाच होता. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशभर मिनिटाला एक रुपया दर आणला आणि अंतराचे महत्त्व घटले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर साधे कॉल पॅकमध्येच मिळू लागले. तरी बहुतेक पॅकच्या अटींत ‘विशेष क्रमांक वगळून’ अशी ओळ राहिली. त्यामुळे लोकल दराचा १८६० हाच आता साध्या क्रमांकापेक्षा महाग पडतो. त्याचा दर फारसा वाढलेला नाही. पॅकमुळे साध्या कॉलचा जादा खर्च शून्यावर आला आणि तुलना बदलली.

एक काल्पनिक हिशेब पाहू. म्हैसूरमधल्या सरस्वतीपुरम येथील ग्राहकाकडे अनलिमिटेड पॅक आहे. त्याने बँकेच्या १८६० क्रमांकावर फोन केला. दर मिनिटाला एक रुपया धरू. सूचना ऐकून बटणे दाबण्यात आणि ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकण्यात सात मिनिटे गेली, बोलण्यात पाच. बारा रुपये झाले. हे पैसे पॅकमधून जात नाहीत, मुख्य बॅलन्समधून जातात. बॅलन्स शून्य असेल, तर पॅकचे दोन महिने शिल्लक असूनही कॉल लागत नाही आणि टॉप-अप करावा लागतो. दहा रुपयांच्या टॉप-अपवर १८ टक्के जीएसटी आणि एक रुपया प्रक्रिया शुल्क जाऊन ७ रुपये ४७ पैसे हातात येतात. या प्रमाणात बारा रुपयांचा टॉकटाइम सुमारे १६ रुपयांना पडतो. याच बँकेच्या स्थानिक शाखेचा ०८२१ ने सुरू होणारा क्रमांक लावला असता, तर पॅकबाहेर एक पैसाही गेला नसता.

कंपन्या महसूल वाटणीचे क्रमांक पॅकमध्ये का घेत नाहीत, हे इंटरकनेक्ट शुल्कावरून समजते. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर कॉल गेला की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे पैसे देत असे. ऑक्टोबर २०१७ पासून हा दर ६ पैसे होता. ग्राहकाकडून ठरावीक रक्कम आणि बाहेर मात्र मिनिटागणिक देणे, हे गणित जुळेना. म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने इतर नेटवर्कच्या कॉलवर मिनिटाला ६ पैसे आकारले. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्क शून्य झाले. महसूल वाटणीच्या क्रमांकांचे देणे मात्र मिनिटागणिकच असते. ते पॅकमध्ये घेतले, तर कधीही असा फोन न करणाऱ्यांवरही त्याचा भार पडतो.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न ०८४५ आणि ०८७० क्रमांकांनी उभा केला. तिथल्या मराठी कुटुंबांना असे क्रमांक ओळखीचे होते, कारण भारतात स्वस्त कॉल जोडून देणाऱ्या कंपन्या ०८४४ किंवा ०८७१ सारख्या क्रमांकांवरूनच सेवा देत आणि भारतापर्यंतचा खर्च वाटणीतून भागवत. घरच्या फोनचा पॅक तिथे चालत नसे. नियामक ऑफकॉमने २००७ मध्ये वाटणी नसलेले, पॅकमध्ये मोजले जाणारे ०३ क्रमांक आणले. १ जुलै २०१५ पासून वाटणीच्या कॉलचा दर दोन भागांत जाहीर करणे बंधनकारक झाले : एक भाग फोन कंपनीचा, दुसरा क्रमांकाच्या मालकाचा.

भारतातल्या ग्राहकाने खर्च मोजताना तीन गोष्टी पाहाव्यात : पॅकबाहेरचा दर, टॉप-अपमधली कपात आणि वाट पाहण्याची मिनिटे. १८०० चा क्रमांक असेल तर तो पहिला. नसेल तर एसटीडी कोड असलेला क्रमांक शोधावा. बऱ्याच बँका परदेशातल्या ग्राहकांसाठी असा क्रमांक देतात आणि तो देशातूनही लागला, तर साध्या कॉलप्रमाणे पॅकमध्ये मोजला जातो. नकळत सुरू झालेली मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे. पॅक न घेता मिनिटागणिक पैसे देणाऱ्याला मात्र १८६० आणि साधा क्रमांक यांत फारसा फरक पडत नाही.