गाडीचा पट्टा ढिला झाला तर



पावसाळ्यात पहाटे जीप वा ट्रॅक्टर चालू करताच बॉनेटखालून कर्कश चिरकणे ऐकू येते. इंजिन तापले की ते थांबते आणि आपणही विसरून जातो. पट्टा भिजला म्हणून एखाद्या दिवशी असे होते, ते सोडून द्यावे. रोजच होऊ लागले तर मात्र अल्टरनेटरचा पट्टा ढिला झाला आहे असे समजावे. आपल्याकडे पुष्कळजण अजून अल्टरनेटरला डायनमो आणि पट्ट्याला फॅनबेल्ट म्हणतात. नावाशी आपले भांडण नाही.

हा पट्टा अल्टरनेटर फिरवतो म्हणून बॅटरी भरते. ट्रॅक्टरमध्ये व जुन्या डिझेल जीपगाड्यांत तोच पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातून भर पावसात, रात्री, अडलेल्या बाईला किंवा साप चावलेल्या मुलाला बेळगावच्या इस्पितळात न्यायचे असते, तेव्हा दिवे आणि वायपर दोन्ही सतत चालू असतात. पट्टा घसरत असेल तर बॅटरी उतरत जाते व दिवे मिणमिणू लागतात. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. जुने डिझेल इंजिन बॅटरीवाचूनही चालत राहते, त्यामुळे पट्टा तुटला तरी गाडी पळतेच आणि चालवणाऱ्याला वाटते, जाऊ गावापर्यंत. तोवर पाणी उकळून हेड गॅसकेट उडते. चार्जिंगचा तांबडा दिवा लागला व उष्णतेचा काटा वर चढू लागला, की गाडी तिथेच उभी करावी.

पट्टा ताणणे हे घरी होण्यासारखे काम आहे. इंजिन थंड असावे, किल्ली आपल्या खिशात असावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवलेली असावी. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबावे. साधारण 10 ते 12 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच, तो आत जावा. गाडीच्या पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर तेच खरे. त्याच वेळी पट्टा उलटून पाहावा. भेगा पडल्या असतील, कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा तेल प्याला असेल, तर ताणण्यात अर्थ नाही, नवा घालावा.

अल्टरनेटर एका मोठ्या बोल्टवर बिजागरीसारखा फिरतो आणि दुसरा बोल्ट खाच असलेल्या पट्टीत असतो. दोन्ही थोडे सैल करावेत, काढू नयेत. मग फावड्याचा दांडा किंवा टॉमी इंजिन व अल्टरनेटर यांच्यामध्ये घालून अल्टरनेटर बाहेर रेटावा. टेकू त्याच्या पुढच्या जाड भागालाच द्यावा. मधल्या किंवा मागच्या भागावर जोर दिला तर तो फुटतो. ताण धरून ठेवून आधी पट्टीतला बोल्ट आवळावा, नंतर मोठा. एकाने रेटावे, दुसऱ्याने पाना फिरवावा. घरातील मुलगा मदतीला घेतला तर तोही शिकतो. तार जोडून इंजिन पाच मिनिटे चालवावे, बंद करावे आणि पुन्हा अंगठ्याने पाहावे. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत सैल पडतोच, तेव्हा आठवड्याने परत तपासावा.

आपल्या माणसांना नट जितका आवळता येईल तितका आवळण्याची हौस असते. इथे ती आवरावी. तारेसारखा ताठ पट्टा अल्टरनेटरची व पाण्याच्या पंपाची बेअरिंगे खातो. आवाज बंद व्हावा म्हणून पट्ट्याला साबण किंवा राळ लावणेही सोडून द्यावे. तो पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा नव्हे. हा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी धरतो. नव्या मोटारींत रुंद, बारीक खाचांचा पट्टा असून त्याला ताण देणारी स्प्रिंग आपोआप काम करते. तिथे आपण हात घालू नये, मिस्त्रीकडे जावे.

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ बोट, उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा गळ्यातील जपमाळ जाता कामा नये. अंगठीही काढून ठेवावी. उकळत्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. वाफेने भाजलेच, तर 20 मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा भाजला असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

रविवारी चर्चच्या आवारात पुष्कळ गाड्या उभ्या असतात. मिस्सा आणि नंतरच्या गप्पा आटोपेपर्यंत इंजिन निवलेले असते, तेव्हा पट्टा दाबून पाहायला ती वेळ बरी. मात्र प्रवचन चालू असताना बॉनेट उघडू नये! बदललेला जुना पट्टा अगदीच झिजलेला नसेल तर दोन पाने व टॉर्च यांच्यासह सीटखाली ठेवून द्यावा.