मोटारींचा वाटा आणि मोटारींची संख्या

एखाद्या महानगरात खासगी मोटारींचा वाहतूक-वाटा (नागरिकांच्या शंभर प्रवासांपैकी त्या साधनाने होणाऱ्या प्रवासांचे प्रमाण) घटला असे वाचताच रस्त्यावरील मोटारीही तितक्याच घटल्या असाव्यात, असा समज साहजिकच होतो. परंतु घरात माणसे वाढली, भाताचे पातेले तेवढेच राहिले आणि पोळ्या मात्र वाढल्या, तर जेवणातील भाताचा वाटा कमी होतो, शिजलेला भात नव्हे.

लंडनमध्ये २००० च्या सुमारास जवळजवळ निम्मे प्रवास खासगी वाहनाने होत. पुढील पंधरा वर्षांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या किंचित वर आले. परंतु २००१ आणि २०११ च्या शिरगणतींच्या दरम्यान तेथील लोकसंख्या सुमारे ७२ लाखांवरून ८२ लाखांवर गेली होती, आणि वाढीव प्रवासांचा बराचसा भार बस व रेल्वे यांनी उचलला होता. मोटारींचे प्रवासही घटले, पण वाट्याइतके नव्हेत. २००३ मध्ये मध्यवर्ती भागात लागू झालेल्या दैनिक ५ पौंडांच्या प्रवेशकराला पुष्कळदा सगळे श्रेय दिले जाते. वस्तुतः १,५०० हून अधिक चौरस किलोमीटरच्या त्या शहरात त्याचा अंमल प्रारंभी सुमारे २१ चौरस किलोमीटरांपुरताच होता, आणि बसगाड्यांची जी तजवीज त्याच सुमारास झाली, ती माझ्या मते अधिक महत्त्वाची. दफ्तरातील वाहन-नोंदणीचा आकडा तर निराळीच गोष्ट सांगतो, कारण दारात नुसत्या उभ्या असलेल्या मोटारीही त्यात मोजल्या जातात.