रोग रक्तातला की सवयीतला?

‘कॅन्सर घराण्यातच असतो,’ असे आमच्या दर्यापुरात सर्रास ऐकतो. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतोही. पण आकडे पाहू. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. डॉ. जस्सावाला यांनी केलेल्या समाजवार तुलनेत पारशांत स्तनाचा कर्करोग अधिक, फुप्फुसाचा मात्र कमी आढळला. अग्नी पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध होते.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष फुप्फुसाच्या कर्करोगाने गोऱ्यांपेक्षा अधिक मरत. धूम्रपान घटले, १९९० नंतर मृत्यूही घटले आणि दरी आक्रसली. एवढ्या काळात रक्त बदलत नाही.

वऱ्हाडात धुरापेक्षा खर्रा अधिक, म्हणून घाव तोंडावर. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. पोरांच्या खिशात ती पुडी आहे तोवर आपला आकडा उतरायचा नाही.