शस्त्रक्रियोत्तर मलनियमनाची औषधे : परिभाषेचा एक प्रश्न

मराठीत ‘जुलाब’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. ‘जुलाब घेतला’ या वाक्यात तो रेचक औषधाचा वाचक होय; ‘जुलाब झाले’ यात मात्र तो विकाराचा वाचक ठरतो. फारसीतील ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. त्याचे अरबी रूप ‘जुलाब’. सरबत, रेचक व अखेर रेचन असा हा अर्थाचा प्रवास आहे. परिणामी ‘जुलाबाचे औषध’ म्हणजे जुलाब करविणारे की थांबविणारे, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही. एरवी हा व्युत्पत्तिशास्त्राच्या कुतूहलाचा विषय. परंतु ज्याचे मोठे आतडे वा मलाशय काढावे लागले आहे, अशा रुग्णाच्या हाती औषधांची चिठ्ठी पडते तेव्हा संदिग्धता महागात पडते.

मोठ्या आतड्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव उतरतो व त्यातील बहुतांश तेथेच शोषला जातो. ते आतडे काढून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी गुदद्वारास जोडली, तर दिवसातून चार ते आठ वेळा पातळ शौच होणे हे अशा रुग्णास स्वाभाविकच समजावे. येथे मुख्य आधार लोपेरामाइड या औषधाचा. ते आतड्याची गती मंद करते व पाणी शोषले जाण्यास अवधी मिळवून देते. अन्न पोटात गेले की आतड्याची हालचाल वाढते. म्हणून हे औषध जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, व गरजेप्रमाणे निजताना घ्यावयाचे असते.

येथेच ‘लागेल तशी घ्यावी’ ही सर्रास लिहिली जाणारी सूचना फसवी ठरते. ‘लागणे’ म्हणजे गरज भासणे. पण बोलीत शौचाची भावना होणे यासही ‘लागणे’च म्हणतात. ‘लागली की घ्यायची’ असा अर्थ रुग्णाने केला, तर त्याच्या मराठीत काही चूक नाही. मात्र गोळी नेहमीच उशिरा पडेल. आणि उपयोग होत नाही म्हणून मात्रा वाढविली जाईल, हा धोका वेगळाच. दिवसास १६ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही सामान्य मर्यादा होय. अतिमात्रेने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. तज्ज्ञ क्वचित मर्यादेपलीकडे जातात, ते स्वतःच्या देखरेखीखाली.

इसबगोलाची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. मलावरोधावरचे औषध म्हणून ते घरोघर परिचित. त्यामुळे पातळ शौच होणाऱ्यास ते दिलेले पाहून घरची माणसे चकित होतात. वस्तुतः भुसा पाणी धरून ठेवतो, एवढेच त्याचे कार्य. भरपूर पाण्याबरोबर तो कठीण मळ मऊ करतो. आतड्यात आधीच पाणी अधिक असेल, तर तेच शोषून मळास घट्टपणा आणतो. मात्र आतडे कोठे अरुंद झाले असेल, तर तो घेऊ नये. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांस पित्ताम्लांमुळे जुलाब होतात. त्यांस कोलेस्टिरामिनची पूड देतात. ती इतर औषधेही बांधून ठेवते, म्हणून ती औषधे तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात.

‘पातळ’ या शब्दाचाही विश्वास धरता येत नाही. वरणही पातळ, ताकही पातळ. ब्रिस्टल येथील लुईस व हीटन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली सात प्रकारांची श्रेणी उपयुक्त ठरली, ती यामुळेच. रुग्ण विशेषण न शोधता क्रमांक सांगतो. तरीही एक फसगत उरते. मलाशय शिल्लक असलेल्यांत कधीकधी कठीण मळ अडकून बसतो व त्याच्या कडेने पातळ द्रव झिरपतो. रुग्ण यास जुलाबच म्हणेल, आणि थांबविणारी गोळी घेतल्यास अडथळा वाढेल. पोट फुगणे, ताप, शौचातून रक्त, ओकाऱ्या यांपैकी काही असेल, तर गोळी न घेता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आमची सूचना अशी की, चिठ्ठीवर ‘जुलाबाची गोळी’ असे न लिहिता ‘आतड्याची गती कमी करणारी गोळी, जेवणाआधी अर्धा तास’ असे लिहावे, व ‘लागेल तशी’ऐवजी दिवसातील कमाल गोळ्यांची संख्या अंकी व अक्षरी द्यावी.