मातीखालची फुले

मृगाच्या सरी कोसळल्यावर रानफुले पाहावीत या हेतूने मराठवाड्यातल्या मानवत तालुक्यात अरण्य शोधू निघालेल्याच्या पदरी प्रथम निराशाच येते. कारण उत्तरेस दुधना आणि दक्षिणेस गोदावरी यांच्या दरम्यानचा हा काळ्याभोर जमिनीचा, कापसाच्या बाजारपेठेकरिता नावाजलेला मुलूख जवळजवळ सर्वस्वी नांगराखाली असून, महसुली दप्तरात गायरान वा पडीक म्हणून ज्याची नोंद राहिली तेवढीच भूमी कुळवाच्या तडाख्यातून सुटली आहे. खरे रान पाहावयाचे तर उत्तरेकडे, नेमगिरीच्या जैन लेण्यांनी प्रसिद्ध असलेल्या जिंतूरच्या टेकड्यांकडे वळावे लागते.

अशा शुष्क पानझडी रानात पहिल्या पावसाबरोबर जी फुले उमलतात, ती त्या पावसाने घडविलेली नसतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. काळी मुसळी किंवा कुलीची भाजी यांसारख्या वनस्पती गतवर्षीच्या पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न कंदात वा मांसल मुळांत साठवून उन्हाळाभर भूमिगत राहतात, आणि मातीत ओल शिरून ती निवताच, भोवतालचे गवत वाढून प्रकाश अडविण्यापूर्वी, त्या संचितावर फुलून घेतात. काळ्या मुसळीचे सहा पाकळ्यांचे पिवळे फूल तर जमिनीला टेकलेलेच दिसते. त्याचा बीजकोश पानांच्या बुडाशी, मातीआड असतो, म्हणून वाकून पाहिल्यावाचून ते नजरेसही पडत नाही.

परंतु मानवतच्या मनुष्यास इतके दूर जाण्याची निकड नाही. कोळपणीच्या सुमारास कोणत्याही बांधावर केना फुलतो. त्याच्या दोन निळ्या पाकळ्या सकाळी उघडतात आणि दुपार होताच मिटून ओघळतात. सबब उशिरा उठणाऱ्याने हे फूल पाहण्याची आशा धरू नये. मात्र या निळाईखेरीज केन्याला दुसरीही फुले येतात: जमिनीखालच्या फांद्यांवर, कधीच न उमलणारी, वारा वा कीटक यांच्या मदतीवाचून आतल्या आत फलन साधून मातीतच बी धरणारी. शिवाय खुरप्याने तोडलेला पेराचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो. निंदणाऱ्या बायका केन्याला शिव्या देतात त्या उगीच नव्हेत. मला मात्र त्या चिवटपणाचे कौतुकच वाटत आले आहे, अर्थात निंदणीची मजुरी मला द्यावी लागत नाही.

मराठवाड्याच्या वनस्पतींचा समग्र आढावा डॉ. व्ही. एन. नाईक यांनी आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात १९९८ साली घेतला. या उपेक्षित प्रांताकडे इतक्या बारकाईने पाहणारे अभ्यासक विरळाच. पण अभ्यासाने झाड वाचतेच असे नाही: काळी मुसळी औषधाकरिता मुळासकट खणली जाते, आणि खणणाऱ्याच्या कुदळीने झाडाबरोबर पुढल्या मृगाचे फूलही निघून जाते. केन्यावर मात्र अशी कुदळ चालत नाही.