चित्रांची वाट : वर्धा ते हरिपुरा

ऑक्टोबर १९३४ चे मुंबई अधिवेशन म्हटले की गांधीजींचे काँग्रेसमधून बाहेर पडणे आणि ग्रामोद्योग संघाची कल्पना या दोन गोष्टी आठवतात. त्याच अधिवेशनातल्या एका छोट्या ठरावाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. दरवर्षी अधिवेशनाच्या जोडीला जे प्रदर्शन भरते आणि जो देखावा उभा राहतो, त्याचे ओझे स्वागत समितीच्या डोक्यावरून उतरवावे; यापुढे प्रदर्शने चरखा संघाने आणि ग्रामोद्योग संघाने भरवावीत, असे तो ठराव सांगतो. पुढे त्यात एक अट आहे. ही प्रदर्शने अशी हवीत की सामान्य लोकांना, विशेषतः खेड्यातल्या माणसांना, शिक्षण आणि करमणूक दोन्ही एकत्र मिळावे.

करमणूक! गांधींच्या मंडळींनी ती हद्दपार केली, असा आपला सरसकट समज. या ठरावाने तिला नुसती जागा दिली नाही, ती पुरवण्याचे काम नेमून दिले. १४ डिसेंबर १९३४ रोजी ग्रामोद्योग संघाची वर्ध्यात रीतसर स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा चिटणीस, आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, संघाची कचेरी. देशातल्या सर्वांत मोठ्या राजकीय जत्रेत लोकांना काय दाखवायचे, याचा विचार आता मगनवाडीच्या कचेरीत होऊ लागला. जाजू वर्ध्याचे वकील, कुमारप्पा परदेशात शिकलेले हिशेबतज्ज्ञ. रंगांशी दोघांचाही धंद्याने संबंध नव्हता. तरीही आपल्या देशातल्या सर्वांत सुंदर उघड्यावरच्या चित्रमालिकेची वाट त्यांच्या संघाच्या दारातून जाते, आणि हीच गोष्ट मला कित्येक वर्षे सोडत नाही.

प्रदर्शनाच्या या ठरावाला पार्श्वभूमी होती. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनाच्या वेळी प्रदर्शनात गिरणीच्या कापडाला जागा द्यावी की नाही, यावरून गांधीजींचा आणि संयोजकांचा खटका उडाला होता. गणवेशातले स्वयंसेवक, संचलने असा त्या अधिवेशनाचा थाटही मोठा होता, आणि त्या स्वयंसेवक दलाचे नेतृत्व सुभाषबाबूंकडे होते. दहा वर्षांनी हेच सुभाषबाबू हरिपुऱ्याला अध्यक्ष म्हणून आले आणि ग्रामीण चित्रांच्या वेशींखालून गेले. या योगायोगाला इतिहासकारांनी फार कमी जागा दिली, असे मला वाटते.

ठरावानंतरचा पहिला प्रयोग लखनौचा. मार्च १९३६ मध्ये तिथल्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आवर्जून उल्लेख केला. खेड्यातल्या हस्तोद्योगांना या चित्रकारांनी साध्या चित्रखुणांत उतरवले होते. महिनाभराने, ३० एप्रिलला, गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. नावाच्या सारखेपणामुळे टपाल शेगावला जायचे, म्हणून पुढे १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. तेव्हा मात्र ते कच्च्या रस्त्याचे साधे खेडे होते, आणि काँग्रेसचे पुढचे अधिवेशनही खेड्यातच भरणार होते : पूर्व खानदेशातल्या फैजपूरला.

फैजपूरची हकीकत अनेकांनी लिहिली आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९३६, खेड्यातले पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल, बैलांच्या रथातून मिरवणूक. टिळकनगर ही अधिवेशनाची वसाहत उभी करायला गांधीजींनी नंदबाबूंना बोलावले, तेव्हा आपण चित्रकार आहोत, नगर बांधणारे नव्हे, म्हणून ते कचरत होते. गांधीजींनी ऐकले नाही. बांबू, तट्ट्या, गवत, जे आसपास मिळते त्यातूनच सगळे करायचे, एवढी एक अट घातली आणि बाकीचे नंदबाबूंवर सोपवले. प्रदर्शनाच्या भाषणात त्यांनी हे उघड सांगितलेही : कल्पना मी समजावली, तिला आकार देणारा कलावंत हा, मी कलावंत नाही.

नंदबाबू या मुलुखात नवखे नव्हते. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होत्या. त्या कामासाठी कलकत्त्याहून आलेल्या तरुण चित्रकारांत तेही होते. अजिंठ्यात चित्र एका चौकटीत बसत नाही. माणूस भिंतीकडेने चालतो तसा प्रसंगामागून प्रसंग उलगडतो. हरिपुऱ्याला जे झाले त्याचे बीज मला कलकत्त्याच्या शाळेपेक्षा या लेण्यांत दिसते.

आता हरिपुरा. सुरत जिल्ह्यातले तापीकाठचे गाव, फेब्रुवारी १९३८, एक्कावन्नावे अधिवेशन. म्हणून एक्कावन्न वेशी आणि अध्यक्षांच्या रथाला एक्कावन्न बैल. काम स्वीकारल्यावर नंदबाबू आधी त्या भागातल्या खेड्यांत हिंडले. मग हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवून साधारण दोन फुटी चौरस फलक तयार झाले. त्यांवर मातीच्या रंगांनी, जाड, न थांबणाऱ्या रेषेत चित्रे निघत गेली. ऐंशीच्या आसपास चित्रे त्यांच्या स्वतःच्या हातची, आणि ती समोर ठेवून विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या आवृत्त्या धरून एकूण सुमारे चारशे. विषय काय? नांगरणारा, ढोल वाजवणारा, शिंग फुंकणारा, कुस्तीगीर, शिकारी, बैल आवरणारा, सुतार, स्वयंपाकी, तान्हे घेतलेली आई आणि पिंजारी. वर्ध्याच्या कापूसपट्ट्यातल्या माणसाला पिंजाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. धनुकलीचा ताण आणि त्याच्या पाठीचा बाक यांचे नाते तो चित्रात लगेच ओळखतो.

बहुतेक आकृती एका कमानीत बसवलेल्या आहेत. ही कमान मला सर्वांत हुशारीची वाटते. फलक सुटा पाहिला तर ती चौकट होते, आणि ओळीने लावले तर फलकाला फलक जोडत दालनांची अखंड रांग होते. ते लागले होते वेशींवर, स्वयंसेवकांच्या छावण्यांवर, पुढाऱ्यांच्या झोपड्यांवर, म्हणजे लोक जाता-येता पाहतील अशा जागी. तिकीट नाही, दालन नाही.

युरोपात अशा प्रचंड चित्रांची करमणूक शंभर-दीडशे वर्षे गाजत होती. रॉबर्ट बार्करने १७८७ मध्ये पॅनोरामाचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारत उघडली. प्रेक्षक मध्यभागी उभा, आणि चारी बाजूंनी चित्राचा वेढा. हेग शहरातला मेस्डागचा १८८१ चा पॅनोरामा आजही पाहता येतो. त्याची उंची सुमारे १४ मीटर आणि घेर सुमारे १२० मीटर. हरिपुऱ्याचे चारशे फलक ओळीने लावले असते तर लांबी २४० मीटरच्या घरात गेली असती, त्या घेराच्या दुप्पट. पण खरा फरक लांबीचा नाही. तिथे माणसाला उभे करून त्याला आपण दुसरीकडे कुठेतरी असल्याचा भास द्यायचा होता. इथे डोक्यावर गाठोडे घेतलेला माणूस चालत होता आणि त्याला वरून आपल्यासारखाच कुणी कामात गढलेला दिसत होता. चारशेंत तीच चित्रे पुन्हा येत, त्यामुळे एका वेशीवर भेटलेला ढोलकरी पुढच्या वेशीवर पुन्हा भेटणार. कलासमीक्षक मूळ चित्रांची गणती करतात आणि आवृत्त्यांना दुय्यम मानतात. मला हे पटत नाही. जत्रेतल्या माणसासाठी हे काम चारशेंचेच होते, आणि ठरावातली करमणूक त्या पुन्हा भेटण्यातच होती.

त्याच वर्षी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले. साबरमतीत खादीचे तंत्र उभे करणाऱ्या आणि १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींचे नाव त्याला आहे. दरवर्षी उभ्या राहून मोडणाऱ्या प्रदर्शनांच्या विचाराला इथे कायमचे घर मिळाले. मात्र त्या प्रदर्शनांतला रंग या घरात आला नाही. नंदबाबूंचे सत्तरहून अधिक फलक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात त्यांतले काही झळकले. जगाने ते पाहिले याचा आनंद आहेच. तरी काचेआड, पांढऱ्या भिंतीवर, एकेक सुटे लावलेले हे फलक पाहताना त्यांचा अर्धा जीव गेल्यासारखा वाटतो.

ते मूळ फलक पुन्हा उन्हात लावा असे कुणीच म्हणणार नाही. पण आवृत्त्या करणे हा या कामाचा पहिल्यापासूनचाच भाग होता, आणि ती मुभा नंदबाबूंनीच आपल्या विद्यार्थ्यांना दिली होती. वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्याने रोज शाळेची मुले, शेतकरी आणि देशभरचे पाहुणे जातात. त्या रस्त्याच्या कडेला, हातकागदावर, इथल्याच मुलांच्या हातून पिंजाऱ्याची, नांगरणाऱ्याची, ढोलकऱ्याची नवी रांग काढून घ्यावी, पावसाळ्याआधी उतरवावी आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नवी काढावी. १९३४ च्या त्या ठरावाने वर्ध्यावर सोपवलेले काम अजून कुणी परत घेतलेले नाही.