नंबर जुळला तरच इतिहास: जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशात असते?

आजचा भाग ऐकायचा राहिला असेल, तर इथे वाचून घ्या. विषय आहे जुने रिव्हॉल्व्हर, आणि "हे अमक्याचं होतं बरं का" हा दावा.

यूट्यूबवर अमेरिकेतले संग्राहक शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर दाखवतात. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटिक' धरतात. ते पाहून आपल्याकडेही अनेकांना वाटतं, की शंभर वर्षं जुनं असलं म्हणजे लायसन्स नको. हा समज थेट तुरुंगात नेऊ शकतो.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा चालतो. त्यातल्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण अट नीट ऐका. ते हत्यार दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे नुसतं वय पुरेसं नाही. आजोबांचं रिव्हॉल्व्हर गंजलेलं असेल, पण मिस्त्रीच्या हाती गेल्यावर गोळी सुटत असेल, तर त्याला परवाना लागतोच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.

मग 'अमक्याचं' हे ठरतं कसं?

दोन गोष्टींवरून: हत्यारावरचा नंबर आणि कागदांची न तुटलेली साखळी.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे भगतसिंगांचं पिस्तूल. ते रिव्हॉल्व्हर नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र फिरतं, यात गोळ्या मॅगझिनमध्ये असतात. ओळख पटवायची पद्धत मात्र तीच. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी झाडली आपल्या खेडच्या शिवराम राजगुरूंनी, त्यानंतर भगतसिंगांनी. भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल पुढे खटल्याच्या कागदांत नोंदलं गेलं, नंबर १६८८९६.

नंतर ते नजरेआडच झालं. फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र संग्रहालयात आलं, पण कुणाचं ते कुणाच्या लक्षात नव्हतं. वर काळा रंग चढवलेला होता. २०१६ मध्ये जुने कागद धरून शोध झाला, रंग खरवडला आणि खालचा नंबर तंतोतंत जुळला. आता ते पंजाबात, हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे.

विचार करा, पिस्तूल तेच होतं. पण नंबर जुळेपर्यंत ते इतर हत्यारांमधलं एक होतं. कागद नसता, तर आजही तसंच राहिलं असतं.

आपल्या गोसीखुर्दकडे याचा काय संबंध?

१९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे वैनगंगेकाठची गावंच्या गावं उठून नव्या वसाहतींत गेली. घर हलवताना भांडी, दारं-खिडक्या, लाकूडफाटा सगळं सोबत येतं. हरवतात ते कागद. पवनी-भंडाऱ्याकडे मालगुजारीचा काळ होऊन गेला. एखाद्या जुन्या घरच्या संदुकीत आज हत्यार किंवा त्याचा परवाना निघाला, तर एवढं करा:

- हत्यार हाताळू नका, साफ करू नका, चालवून तर मुळीच पाहू नका. घासताना नंबर आणि खुणा जातात.
- परवाना पुस्तिका, दुकानाची पावती, जुना फोटो, पत्र, जे सापडेल त्याचे फोटो काढून ठेवा. मूळ कागद फेकू नका.
- पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारक वारले असतील, तर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. वारसाला ठेवायचं असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा लागतो.
- रील बनवून टाकू नका. विना परवाना हत्यारासोबतचा व्हिडिओ म्हणजे स्वतःविरुद्ध स्वतःच दिलेला पुरावा.

आणि कुणी "राजघराण्याचं आहे" म्हणत विकायला आला, तर आधी परवाना विचारा, मग नंबर, मग कागद. नुसती गोष्ट सांगत असेल, तर गोष्ट ऐका आणि पैसे खिशातच ठेवा.

भेटू पुढच्या भागात!